दातात दोरा

"हलू नकोस. हललीस तर कातडीला टाका बसेल."

मिस डेस खुर्चीवर बसलेली, मी तिच्याकडे पाठ करून उभी. दुपारची पाळी. बाहेर डीजे माझं नाव पुकारायला लागलेला आणि इकडे माझ्या चंदेरी चोळीचा पट्टा तुटून हातात आलेला.

"दोरा धर दातात."

"मिस डेस, अहो वेळ नाहीये, तो गाणं लावेल—"

"लावू दे. गाणं कुठं पळून जातंय? धर."

मी धरला. कापड अंगावर असताना शिवायचं नाही, असा तिच्या गावचा नियम. शिवलंच तर जितके टाके तितक्या थापा लोक तुमच्या नावानं मारणार. त्याला उतारा एकच. शिवून होईपर्यंत दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. थापांचं मला माहीत नाही, पण मला गप्प बसवायचा इलाज जगात फक्त त्या बाईला सापडला होता.

तिनं दोरा तोडला, माझ्या पाठीवर थाप मारली. "जा. आणि तो कोपऱ्यातला टोपीवाला आहे ना, त्याच्याजवळ नको जाऊस. सकाळपासून रडतोय. रडणारे हात धरतात आणि सोडत नाहीत."

मिस डेस आमची हाउस मदर होती. अटलांटातल्या प्रत्येक क्लबात अशी एक बाई असते. मुली कपडे बदलतात त्या खोलीत तिचं राज्य. तिच्या टेबलावर शिवणयंत्र, केसांचे काटे, पॅड, डोकेदुखीच्या गोळ्या, फोडांना लावायच्या पट्ट्या, आणि बाजूला मक्याच्या कण्यांच्या पेजेचं भांडं. उपाशी मुलीला ती स्टेजवर सोडायची नाही. कोणी प्यायलेली आली तर बूट काढून घ्यायची. बूट नाहीत तर नाच नाही. जाताना जिला जमतील तेवढे पैसे ती मुलगी बरणीत टाकायची. कोणी टाकलं, कोणी नाही, हे मिस डेसनं कधी वळून पाहिलं नाही. त्या वेळी तिचे पाय गरम पाण्याच्या बादलीत असायचे. पाय तिचे कायम सुजलेले, दोन पावांसारखे.

आणि नावं ती ठेवायची. खरं नाव आत चालत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या क्लबात मुली आपली आपणच नावं घेतात, सगळीकडे डायमंड नाहीतर चेरी. आमच्या कॉपर लँटर्नमध्ये मिस डेस तुम्हाला उभं करायची, खांद्याला हात लावायची, एक गिरकी घ्यायला सांगायची आणि कापडाचं नाव द्यायची. शिफॉन. सॅटिन. ऑर्गन्झा. जुन्या काळी एक ब्रोकेड होती, ती म्हणे पुढं वकील झाली. मला तिनं गिरकी घ्यायला लावली आणि म्हणाली, "पॉपलिन."

"पॉपलिन? शर्टाचं कापड? मला?"

"धुतलं तरी विटत नाही. आपटलं तरी फाटत नाही. तोंड बंद कर आणि जा."

तिचं स्वतःचं आयुष्य साधं. मेकन शहराच्या पुढच्या कुठल्याशा गावातली. नर्सांचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. कारखाना बंद पडला, नवरा वारला, मूलबाळ नाही. कोणीतरी सांगितलं, लँटर्नमध्ये कपडे बेतायला बाई हवी आहे. चार दिवसांसाठी म्हणून गेली आणि म्हातारी होऊन बसली. कधी विचारलं, कंटाळा नाही का येत, तर म्हणायची, "येतो ना. रोज येतो. मग कोणाचं तरी बटण तुटतं."

कॉपर लँटर्नबद्दल अटलांटात तुम्ही काहीतरी ऐकलेलं असणारच. ऐकलंय त्यातलं निम्मं खोटं. आधी ते टायरचं गोदाम होतं. आमचा मालक टॉलिव्हर, त्याच्या बापानं त्यात नाचायचे खांब रोवले आणि दिवे लावले. मग फुटबॉलवाले यायला लागले, त्यांच्या मागून गाणी करणारी पोरं. नवं गाणं रेडिओवर जायच्या आधी आमच्याकडे वाजायचं. मुलींच्या कमरा हलल्या तर गाणं चाललं. नाही हलल्या तर ते पोर तोंड पाडून घरी जाणार आणि पुन्हा लिहिणार. एका बाईनं नवऱ्याला शोधत येऊन गाडी सरळ पुढच्या दारात घातली होती, हे खरं आहे. आतल्या खांबावर बंपरचा पोचा होता, लोक त्याच्यासोबत फोटो काढायचे. पार्किंगमध्ये गोळीबार झाला होता, तेही खरं, पण मेलं कोणी नाही. लोक तीन मेले म्हणतात. आणि तो नगरसेवक धाड पडल्यावर संडासाच्या खिडकीत अडकला होता. आता जो सांगतो तो म्हणतो उघडा होता. उघडा नव्हता. पँट फाटली होती, ती मिस डेसनंच अंगावर शिवून दिली.

"दोरा धरायला नाही म्हणाला," ती सांगायची. "म्हणाला, मी कॉलेज शिकलोय. आता बघ, अजून थापा मारतात त्याच्या नावानं."

आमच्या लिंबू-मिरी लावलेल्या कोंबडीच्या विंग्ज मात्र खोट्या नव्हत्या. अख्ख्या शहरात तशा विंग्ज नाहीत. ज्यांना आत यायची लाज वाटते त्यांच्यासाठी टॉलिव्हरनं बाजूला एक खिडकी ठेवली होती. त्या खिडकीवर दर शुक्रवारी दुपारी मिस लव्हर्न यायची. मागच्या रस्त्यावर बॅप्टिस्ट चर्च आहे, तिथल्या अशरांची ती मुख्य. अशर म्हणजे रविवारी पांढरे कपडे आणि पांढरे हातमोजे घालून दारात उभ्या राहतात, लोकांना बाकावर नेऊन बसवतात, कोणाच्या अंगात आलं की पंख्यानं वारा घालतात, त्या बाया. लव्हर्न डोक्यावर फुलांची हॅट घालून खिडकीशी उभी राहायची, आत नजर टाकायची नाही, पुडकं घ्यायची आणि म्हणायची, "देव तुमचं भलं करो, मी तुमच्यासाठी प्रार्थना करते."

मी एकदा आतून ओरडले, "प्रार्थना नको, सॉसचे पैसे द्या!"

मिस डेसनं माझा कान पिरगाळला. तेव्हा ती शिवणयंत्राच्या मागं खाली वाकून बसली होती. दर शुक्रवारी ती असंच करायची. कारण रविवारी त्याच चर्चच्या मधल्या दारात, त्याच लव्हर्नच्या शेजारी, पांढरे हातमोजे घालून ती उभी असायची. तिथं ती सिस्टर प्रुइट. नाटकाचे कपडे शिवते, एवढंच चर्चला माहीत. "ते खोटं थोडंच आहे?" ती म्हणायची.

ते हातमोजे म्हणजे तिचा जीव होता. अशर बाई गेली की तिला हातमोज्यांसकट पुरतात, आणि बाकीच्या सगळ्या अशर शवपेटीच्या दोन्ही बाजूंना रांग करून उभ्या राहतात. मिस डेसला मागंपुढं कोणी नव्हतं. तिला फक्त ती रांग हवी होती. पाय बादलीत घालून कितीदा बोलून दाखवलंय तिनं. "मला न्यायला माझ्या दोन्ही बाजूंना ओळ पाहिजे, पॉपलिन. एकटी नाही जायची मी." म्हणून आमचा कायदा होता: दाराबाहेर कोणी कोणाला ओळखत नाही. दुकानात मिस डेस समोर आली तरी आम्ही भाज्या बघायचो.

मग त्या जानेवारीत आग लागली.

मोठी नव्हती. जेवणाची वेळ, विंग्ज तळायच्या कढईनं पेट घेतला आणि धूर सरळ आमच्या खोलीत आला. आमच्या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं दार आहे. ऑर्गन्झानं ते ढकललं. दार बोटभर हललं आणि थांबलं. टॉलिव्हरनं बाहेरून साखळी आणि कुलूप लावलं होतं. त्याचं म्हणणं, मुली मागून सटकतात आणि त्यांचे मित्र मागून आत घुसतात. आम्ही चौदाजणी त्या दारावर हात आपटत होतो. शेवटी मिस डेसनं टॉवेल ओले केले, एकेकीच्या तोंडावर टाकले आणि आम्हाला धुरातून, स्टेजवरून, पुढच्या दारानं बाहेर काढलं. ती सगळ्यात शेवटी आली. तिला पळता येत नव्हतं.

बाहेर कडाक्याची थंडी आणि आम्ही टॉवेलात. रस्त्यावरच्या लोकांनी फोन काढले. रात्री सगळं शहर ते बघून हसत होतं. टॉलिव्हरही हसला. "अशी जाहिरात विकत मिळत नाही," म्हणाला.

मिस डेस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "साखळी काढ."

"काढतो, मिस डेस."

"आज काढ."

"अहो, काढतो म्हटलं ना. तुम्ही तुमचं शिवणकाम बघा."

काढली नाही. ती रोज म्हणायची, तो रोज हो म्हणायचा. पुढं ती म्हणायची थांबली. मला वाटलं, थकली. थकलेलीच होती ती. ऑर्गन्झाचा खोकला जात नव्हता, तिच्या छातीला मलम लावताना मिस डेस कोणाशी बोलायची नाही.

मार्चमध्ये लँटर्नच्या परवान्याची सुनावणी लागली. चर्चच्या पाद्र्यानं रविवारी सांगून टाकलं: लँटर्न बंद व्हायला हवं, सगळ्या अशरांनी गणवेशात यायचं, हॉलच्या भिंतीला उभं राहायचं, शहराला दिसू दे आपण किती आहोत. म्हणजे मिस डेस तिकडच्या बाजूला, आम्ही इकडच्या.

"येऊच नका," मी म्हटलं. "पाय दुखतात सांगा."

"पाय काय आज दुखतायत का?"

"मग उभ्या राहा, पण आमच्याकडे बघू नका. कोणी बोलणार नाही. मी एकेकीला शपथ घातलीये."

"पॉपलिन, तू काय घालणारेस?"

"चुलतबहिणीचा ड्रेस आहे. निळा."

"ती तुझ्यापेक्षा बारीक आहे," एवढंच म्हणाली.

बोलायला मुलींनी मला निवडलं होतं, कारण माझा आवाज मोठा. शाळा मी दहावीच्या आधी सोडली, भाषणं मला येत नाहीत, पण भांडता येतं. टॉलिव्हरनं आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, "मागच्या दाराचं विचारतील. कोणीतरी कागाळी केलीये. साखळी नव्हती म्हणून सांग. एक शब्द. नाही. नाहीतर चौदाजणी रस्त्यावर." मी म्हटलं, सांगते. ऑर्गन्झाचं पोरगं दोन वर्षांचं. मला काहीच जड नव्हतं. लँटर्नसाठी मी चंद्र चौकोनी आहे असंही सांगितलं असतं.

सिटी हॉलमध्ये भिंतीला पांढरी रांग. मधोमध लव्हर्न, तिच्या बाजूला मिस डेस, नजर समोर. पाद्री बोलला. पाप, अंधार, आपल्या लेकी वगैरे. मग माझं नाव पुकारलं, खरं नाव, आणि मला क्षणभर कळलंच नाही की ती मी. माइकपाशी गेले. शपथ घ्यायला उजवा हात वर करा म्हणाले. मी केला, आणि ड्रेसचा पट्टा खांद्यापासून सुटला, काखेखालची शिवण टरकन उसवली.

सगळा हॉल हसला. मागून एक बाप्या म्हणाला, "सवयच आहे तिला!" अजून हसले. मी एका हातानं ड्रेस धरलेला, एक हात वर, आणि तोंडातून काय काय शिव्या येणार होत्या ते मलाच माहीत.

तेवढ्यात भिंतीकडून बुटांचा आवाज आला. घासत घासत. तो चालायचा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"सिस्टर प्रुइट," लव्हर्न दबक्या आवाजात म्हणाली. "सिस्टर प्रुइट, जागेवर या."

मिस डेसनं हातमोजे काढले, खिशात घातले. कॉलरच्या आतून सुई काढली. तिच्याकडे कायम असायची, दोरा ओवलेली.

"बाई, तुम्ही कोण?" खुर्चीवरच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"मी हिची शिंपीण. या सगळ्यांची. ही जन्मायच्या आधीपासून लँटर्नमध्ये आहे मी." आणि मला म्हणाली, "दोरा धर."

मी धरला.  पाद्र्याचं तोंड उघडं. मिस डेस आपली शिवतेय, जशी आमच्या खोलीत शिवायची तशी, नाकातून श्वास सोडत.

अध्यक्षीणबाई वैतागल्या. "ठीक आहे, तोवर एकच प्रश्न. मागच्या दाराला साखळी लावली जाते का?"

टॉलिव्हर माझ्याकडे बघतोय. मुली माझ्याकडे बघतायत. मी तोंड उघडायला गेले तर मिस डेसनं पाठीला चिमटा काढला. "दोरा पडेल."

"तिला उत्तर द्यायला सांगा, बाई."

"देईल ना, मॅडम. टाका संपू दे."

टाका संपेना. मला कळत होतं पट्टा केव्हाच घट्ट झालाय, पण सुई चाललीच होती. वर, खाली, वर, खाली. टॉलिव्हरला धीर नाही. जन्मात कधी नव्हता. त्याची शपथ आधीच झालेली, तो उठून उभा राहिला. "मॅडम, मी सांगतो. साखळी नाही. कधीच नव्हती. देवाशपथ सांगतो."

मग अग्निशमन खात्याचा माणूस उठला आणि त्यानं गल्लीतून काढलेला फोटो दाखवला. साखळी, कुलूप, कुलपावर लँटर्नचा पितळी बिल्लासुद्धा.

टॉलिव्हर खोटं बोलला नसता तर दंड होऊन सुटलो असतो, असं पुढं सगळे म्हणाले. शपथेवर खोटं बोलला म्हणून परवाना गेला. पुन्हा मिळालाच नाही. कागाळी फोनवरून आलेली, कोणी केली ते कागदावर नव्हतं. पण आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि मी लव्हर्नकडे. दर शुक्रवारी खिडकीवर यायची, गल्लीतून जायची. दुसरं कोण? पाद्र्यानंही हात वर करून देवाचे आभार मानले, जसं काही त्यानंच फोन केला होता. बाहेर पायऱ्यांवर मी लव्हर्नच्या तोंडावर म्हटलं, "आमच्या विंग्ज खाऊन आमचाच गळा कापलात." तिनं हॅट सरळ केली आणि गेली.

मिस डेसला दुसऱ्याच रविवारी सांगितलं, अशर म्हणून उभं राहू नका, मागच्या बाकावर बसा. बसली. हातमोजे परत मागवले, तेही दिले, धुऊन, इस्त्री करून. मी ओरडले, त्या चर्चात पाय ठेवू नका म्हटलं. ती म्हणाली, "बसायला तर मिळालं. किती वर्षं उभी होते."

लँटर्न पाडलं. आता तिथं गाड्या धुतात. आम्ही पांगलो. मी दुसऱ्या क्लबात लागले, तिथली हाउस मदर पॅडसुद्धा मोजून देते. घरी येऊन एकदा तो निळा ड्रेस उसवायला घेतला, बहिणीला परत द्यायचा होता. आतून पाहिलं तर पट्ट्याला चार टाके. बाकीचे सगळे नुसते अस्तरात, काहीच न जोडणारे, ओळीनं.

विचारायला गेले तेव्हा ती मक्याची पेज ढवळत होती. "मिस डेस, ते जास्तीचे टाके कशाला घातलेत?"

"म्हातारी झाले. दिसत नाही नीट." आणि वाडगा पुढं केला. "खा. हाडं दिसायला लागलीत तुझी."

पुढल्या थंडीत ती गेली. खुर्चीत बसल्या बसल्या, पाय बादलीत.

अंत्यविधीला पाद्र्यानं अशर उभ्या केल्या नाहीत. आम्ही होतो, पण आम्ही अशर नव्हतो, आम्हाला मागं बसवलं. मधल्या दारात मात्र लव्हर्न उभी होती. एकटी, पूर्ण पांढऱ्यात. शवपेटी आली तेव्हा तिच्याबरोबर चालत गेली, एकाच बाजूनं. दुसरी बाजू रिकामी. पाद्री बघत राहिला. मी उठले आणि त्या बाजूला जाऊन चालायला लागले, मग ऑर्गन्झा उठली, खोकत. शेवटी पेटीशी पोचलो तेव्हा मी पाहिलं, मिस डेसच्या हातात हातमोजे होते. आणि लव्हर्नचे हात उघडे.

तरी माझा राग गेला नव्हता. तळघरात जेवण होतं, कोंबडी, कोलार्डची पालेभाजी, गोड चहा. मी ताट घेऊन सरळ तिच्यासमोर बसले. म्हटलं, "हातमोजे घातलेत म्हणून फोन माफ होत नाही, मिस लव्हर्न."

तिनं काटा खाली ठेवला. 

मग म्हणाली, मिस डेस कुठं काम करते ते तिला पहिल्यापासून माहीत होतं. लिंबू-मिरीचा वास कपड्यांतून जात नाही, आणि रविवारी ती शेजारीच उभी असायची. आणि म्हणाली, आग लागली त्याच संध्याकाळी मिस डेस चर्चच्या ऑफिसात आली होती, तोंडावर काजळी तशीच. तिची बोटं सुजली होती, फोनची बटणं दाबता येईनात. अग्निशमन खात्याचा नंबर लव्हर्ननं दाबला. बोलली मिस डेस. पलीकडच्या माणसाला ती परत परत एकच सांगत होती: जागा बंद करू नका, साहेब, तेवढी साखळी काढायला लावा.